आत्याचा अंगठा

आत्याला आम्ही कधी नावानं हाक मारली नाही. हरसूलच्या बाजारातसुद्धा ती सगळ्यांची 'माळकरी आत्या'च होती.

चौदाव्या वर्षी ती सासरी गेली आणि दोन वर्षांत कुंकू पुसून माहेरी आली. आमच्यात पाट लावायची रीत आहे. दोन ठिकाणं चालूनही आली होती. पण तोवर आजी वारली होती, घरात तीन भाऊ लहान, धाकटा तर रांगत होता. "यांना कुणाच्या गळ्यात टाकू?" एवढंच ती म्हणाली आणि राहिली ती कायमची.

राब भाजायचा, नागलीची आवणी करायची, लाकडाची मोळी डोक्यावरून बाजारात न्यायची, अशी तिची वर्षं गेली. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. तिथं वाटलेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून धाकट्यासाठी आणायची, हे माझे वडील म्हातारपणीही डोळे पुसत सांगत.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आत्या दरसाल पायी जायची. तुळशीची माळ घातल्यावर तिनं सुकटबोंबील सोडलं, आपली चूल वेगळी मांडली. पण कणसरीची पूजा सोडली नाही की वाघबारशीला वाघदेवाला नारळ द्यायचं चुकवलं नाही. कुणी टोकलं तर म्हणायची, "अरं, बिरम्हगिरीवर वाघ मागं लागला म्हून तर निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. वाघानंच त्याला गुरू दाखवला. मंग वाघाला इसरू व्हय?"

निवृत्तिनाथ तिला जवळचे वाटायचे त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आईबाप गेल्यावर धाकट्या भावंडांचं तेच सर्वस्व. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेव, पाठोपाठ सासवडला सोपान, पुढच्या वर्षी तापीकाठी मुक्ताई. तिघांना निरोप देऊन थोरला सगळ्यात शेवटी त्र्यंबकला समाधिस्त झाला. आत्यानंही दोन भाऊ आपल्या हातानं पोचवले.

आता जे सांगायचं ते माझ्याकडं येतं. वनहक्काचा कायदा 2006 चा. 2008 पासून गावोगाव दावे भरणं सुरू झालं. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन दाखवायची होती. डोंगराकडचा वरईचा तुकडा आत्यानंच खणून काढला होता आणि तीस वर्षं तीच कसत होती. घरात शिकलेला मी. अर्ज मीच भरला. नाव घातलं वडिलांचं.

एकट्या बाईच्या नावानंही हक्क मिळतो, हे मी वाचलं होतं. तिला विचारलंही, पण कसं? "आत्या, दादांचं नाव लावू ना?" असं. यावर ती दुसरं काय म्हणणार! "लाव की. मला कागद घेऊन कुठं जायचंय?"

कागदांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाबही लागत. त्यात एक जबाब आत्याचा घेतला. 'ही जमीन माझा भाऊ पूर्वीपासून कसतो, हे मला माहीत आहे,' असं मी लिहिलं, वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग शाईत अंगठा बुडवून तिनं उमटवला. आयुष्यात खोटं बोलली असेल तर तेवढं एकदाच, तेही भावासाठी, आणि लिहून दिलेलं माझ्या हातचं.

पट्टा आला तो आईवडिलांच्या जोडनावानं. आत्यानं त्याला हळदकुंकू लावून कणसरीपुढं ठेवला.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या तुकड्यात वरई अजून पिकते. एकादशीला तिचीच भगर आम्ही फराळाला करतो. कागदाच्या गठ्ठ्यातला तो जबाब मी अधूनमधून काढून बघतो. सरकारदरबारी आत्या आहे ती तेवढीच, साक्षीदाराच्या जागी.