खाल्ल्या मिठाची गोष्ट



खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. खाल्ल्या तेलाला किंवा गुळाला जागावे असे कोणी म्हणत नाही. असे का बरं? धान्य, डाळ, भाजी आपण रानात पिकवतो. मीठ मात्र गरिबातल्या गरिबालाही विकतच घ्यावे लागते. आणि त्याच्यावाचून चालत नाही. शरीरातले पाणी राखायला, नसा आणि स्नायू चालायला मीठ लागते. उन्हात नांगर धरणाऱ्याच्या घामावाटे ते निघून जाते. धान्यात आणि गवतात ते फार थोडे असते. गाय भिंत चाटते, ती उगीच नव्हे.

हे मीठ पिकते कुठे? ठाणे जिल्ह्यात वसईच्या खाडीकाठी मीरा-भाईंदरची मिठागरे पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध होती. मिठाचे आगर पिकवणारा तो आगरी, असे म्हणतात. आगर म्हणजे एक शेतीच पाहा. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, जमीन तुडवून घट्ट करायची, भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि उन्हात एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत दाट करायचे. 100 लिटर समुद्राच्या पाण्यात सर्व मिळून क्षार सुमारे साडेतीन किलोच. अवकाळी सर आली की तयार मीठ विरघळून जाते. तुमच्या खळ्यावरचे धान्य भिजते, तसेच हे.

ज्याच्यावाचून चालत नाही, त्यावर राज्यकर्त्याची नजर जाणारच. 1671 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिले, की बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवा. नाहीतर आपल्या मुलखातली मिठागरे बुडतील. ती जकात पिकवणाऱ्याला राखण्यासाठी होती. इंग्रजांचा कर मात्र खाणाऱ्याच्या मानेवर बसला. समुद्रकाठी आपोआप साठलेले मीठ उचलणेही गुन्हा ठरला. 1923 साली कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. ओरड झाली तेव्हा पुढल्या वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आणला. सावकाराला आणि शेतमजुराला कर सारखाच. उलट, घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागते, म्हणून भार त्याच्यावरच अधिक. 1930 साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, ते यासाठी. त्याच वर्षी आपल्याकडे शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. 1947 साली तो कर गेला.

आता मीठ स्वस्त आहे. भाईंदरची बरीचशी मिठागरे बंद पडली, शहर वाढले. पूर्वी मीठ परवडत नव्हते. आज हात सैल सुटला आहे. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. त्यातून हृदयाचे, मूत्रपिंडाचे विकार आणि अर्धांगवायू मागे लागतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

1. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नको. लोणचे, पापड, सुकी मासळी त्यातच धरा. पाच मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलोहून जास्त मीठ संपत असेल, तर हात आवरा.

2. उन्हात काम करताना पाणी वरचेवर प्या. सोबत चिमूटभर मीठ घातलेले ताक चांगले. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

3. जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि दवाखाना गाठा.

4. साध्या समुद्री मिठात आयोडीन पुरेसे नसते. त्याच्या अभावी गलगंड होतो, मुलांची वाढ आणि बुद्धी खुंटते. मे 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. पुडीवर आयोडीनयुक्त असे पाहूनच घ्या आणि झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवा.

मिठाला जागायचे, ते ताटात मोजून वाढूनच.