प्रेक्षकांची भीड

कुंडल हें कृष्णाखोऱ्यांतील जुनें गांव. संस्थानी अमदानींत तें औंध संस्थानच्या एका तालुक्याचें ठाणें होतें, आणि १९४३ ते १९४६ या काळांत सातारच्या प्रतिसरकारचें एक प्रमुख केंद्र बनलें. तुफान सेनेचे जी. डी. लाड याच गांवचे. गुंडांच्या पायांना पत्र्या ठोकल्या जातात अशी वदंता उठून या सरकारास ‘पत्री सरकार’ असें नांव पडलें, आणि शाहीर शंकरराव निकमांसारख्यांनीं चळवळीचे पोवाडे गांवोगांव पोहोंचविले. पोवाडा म्हटला कीं वार, घाव आणि रक्त हीं आलींच. तरी तो ऐकावयास आजोबांच्या मांडीवर नातू बसे आणि आडोशाला लेकीसुना उभ्या राहत. त्याच जागीं ढोलकीवर शृंगारिक लावणी सुरू झाली असती, तर लेकीसुना मुकाट्यानें घरांत गेल्या असत्या आणि आजोबांनीं नातवास उठविलें असतें.

हाच प्रकार चित्रपटगृहांत दिसतो. पडद्यावर दहा माणसें मारलीं जातात; प्रेक्षक शेंगदाणे खात पाहतात. नायक नायिकेच्या ओठांजवळ ओठ नेतो, आणि रांगेंतील प्रत्येकजण चुळबुळ करूं लागतो. जीव घेणें हें प्रेम करण्यापेक्षां वाईट, हें कोणास ठाऊक नाहीं? मग आक्षेप उलट्या बाजूनें कां येतो?

या प्रश्नाचें उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रांत सांपडतें. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, त्या प्रवेशकांतून सुचवाव्या, असें तो ग्रंथ सांगतो. चुंबन, आलिंगन, शयन यांसहि त्यांत मनाई आहे. पण तेथें दिलेलें कारण मोठें मार्मिक आहे. नाटक हें बाप, मुलगा, सून व सासू यांनीं एकत्र बसून पाहावयाचें असतें, असें तें कारण. कृत्य पापाचें आहे म्हणून नव्हे, तर शेजारीं कोण बसलें आहे म्हणून तें झांकावयाचें.

या नियमाचीं दोन अंगें होतीं. मराठी समाजानें त्यांतलें एकच जपलें. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा शिवकालापासून चालत आला आणि आदर पावला. पेशवाईंतील अनंत फंदी व प्रभाकर यांनीं पोवाडे रचले, तशा लावण्याहि रचल्या. वाणी एकच होती. परंतु पोवाडा इतिहासाचें साधन ठरला आणि लावणीस माजघराचा उंबरा ओलांडतां आला नाहीं. कृष्णाकांठच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांनीं तमाशाचा फड धरला तेव्हां त्यांच्या जातीनें त्यांस दूर लोटलें. स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती पुढें उठविली.

चित्रपटाच्या आरंभकाळीं मात्र कात्री रक्तावर चालली होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालीं पडद्यावर आला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब वठला कीं सेन्सॉरनें त्यास हरकत घेतली. उलट १९३३ च्या ‘कर्म’ या बोलपटांत देविकाराणी व हिमांशु राय यांचें चुंबन दिसलें. पुढें पारडें फिरलें. स्वातंत्र्यानंतर चुंबन पडद्यावरून जवळजवळ हद्दपार झालें. कथेस आवश्यक असेल तेथें तें असूं द्यावें, असें खोसला समितीनें १९६९ सालीं सुचविलें. तरी त्यानंतरहि अनेक वर्षें दोन फुलेंच एकमेकांवर झुलत राहिलीं. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर वादळ उठलें व प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें. रोष होता तो त्यांतील स्त्रीपुरुषसंबंधांवर; अखेरीस चंपाचा गळा दाबला जातो, तो वादाचा मुख्य विषय झाला नाहीं.

हा मनुष्यस्वभावच आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. स्वीडनमध्यें १९११ सालीं सरकारी परीक्षण मंडळ स्थापन झालें. त्याच्या उत्तरकाळांत तेथें कात्री मुख्यतः क्रौर्यावर चाले. नग्नतेकडे तितकेंसें लक्ष दिलें जात नसे.

भेदाचें मर्म भरतानें सांगितलेल्या त्या शेजारांतच आहे. मारामारी पाहतांना सारें प्रेक्षागृह एका बाजूचें असतें. कीचक मेला पाहिजे, याविषयीं सासू आणि सून यांचें एकमत असतें. शिवाय पडद्यावरचें मरण खोटें. नट उठून घरीं जातो, हें पोरासहि कळतें. शृंगार पाहून मनांत जें उठतें तें मात्र खरें असतें, आणि तें शेजाऱ्यास उमगेल अशी प्रत्येकास धास्ती वाटते. भीड पडद्याची नसते, शेजारच्या खुर्चीची असते.

या भिडेंत निंद्य असें कांहीं नाहीं. घर एकत्र राहण्यास थोडी भीड लागतेच. पण तिलाच नीति समजल्यानें एक मोठें नुकसान झालें. दोघांच्या राजीखुषीचें चुंबन कापलें गेलें, आणि खलनायक किंचाळणाऱ्या नायिकेचा पदर ओढतो हें दृश्य वर्षानुवर्षें कुटुंबासह पाहिलें गेलें. कारण तें मारामारीच्या खात्यांत जमा झालें. आतां तर जो तो हातांतील लहानशा पडद्यावर एकटाच पाहतो. शेजारची खुर्ची रिकामी झाली आहे, आणि भिडेनें जें सांभाळलें तें यापुढें विवेकानेंच सांभाळावें लागेल. पडद्यावर कोणी कोणास स्पर्श केला, हा त्या विवेकाचा पहिला प्रश्न असूं नये. तो स्पर्श हवा होता कीं लादलेला होता, हा असावा.

सैरंध्रीच्या कथेंत हेंच आहे. विराटाच्या सभेंत कीचकानें तिला लाथ मारली, आणि सारी सभा बसून पाहत राहिली. त्याच सभेंत कोणी आपल्या पत्नीस प्रेमानें जवळ घेतलें असतें, तर सभासद माना खालीं घालून उठून गेले असते.