जुन्या आवाजावरची धूळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला मोडीतले कागद, ताम्रपट, शिलालेख आठवतात. विसाव्या शतकाने त्यांत एका साधनाची भर घातली, ती ध्वनिमुद्रणाची. जुना कागद जपताना आपण धूळ झटकतो, अक्षराला हात लावत नाही. मग जुना आवाज साफ करताना नेमके काय झटकायचे आणि कुठे थांबायचे? एका संचाच्या निमित्ताने हा प्रश्न मला पडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

जोनी मिचेल ही कॅनडाची गायिका. तिच्या रिप्राइज कंपनीसाठी केलेल्या पहिल्या चार लाँगप्ले तबकड्या २०२१ मध्ये नव्याने संस्कारित होऊन एकत्र निघाल्या. 'साँग टू अ सीगल' (१९६८), 'क्लाउड्स' (१९६९), 'लेडीज ऑफ द कॅन्यन' (१९७०) आणि 'ब्लू' (१९७१) अशा त्या चार. गाणे स्वतःच लिहायचे, चाल स्वतःच लावायची आणि गायचेही स्वतःच, अशी तिची परंपरा. आपल्याकडे 'गीतरामायणा'त शब्द गदिमांचे आणि चाल बाबूजींची. जोनीच्या बाबतीत दोन्ही कामे एकीचीच. त्यामुळे तिची तबकडी ही एका माणसाची रोजनिशीही ठरते.

या रोजनिशीची सुरुवात एका आजाराने होते. तिचा जन्म १९४३ चा. नवव्या वर्षी, १९५२ मध्ये, तिला पोलिओ झाला. साल्क यांची लस यायला अजून तीन वर्षे होती. ती त्यातून उठली, पण डाव्या हातात अशक्तपणा राहिला. गिटारवर सूर दाबण्याचे काम डाव्या हाताचे. नेहमीच्या पद्धतीने तारा जुळवल्या तर तिला अवघड सुरावटी दाबता येईनात. मग तिने ताराच वेगळ्या जुळवल्या. तारा मोकळ्या सोडल्या तरी मेळ साधेल आणि बोटांना थोडेच काम उरेल, अशी ही युक्ती. पुढे अशा पन्नासहून अधिक जुळण्या तिने वापरल्या, असे सांगतात. तिची गिटार इतरांहून निराळी वाजते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या हातात आहे.

आता पहिल्या तबकडीकडे येऊ. निर्माता होता डेव्हिड क्रॉस्बी, स्वतः नावाजलेला गायक. जोनीच्या आवाजावर वाद्यमेळाचा भडिमार होऊ नये, ही त्याची इच्छा अगदी योग्य होती. तिने पियानोजवळ गावे आणि त्या आवाजाने पियानोच्या तारांत उठणारी आसही टिपली जावी, म्हणून त्याने जादा माइक लावले. कल्पना सुंदर, पण त्या माइकांनी सुरांबरोबर फितीवरची खरखरही भरपूर गोळा केली. नंतर ती खरखर काढताना आवाजातली वरची झळाळीही गेली. ओल्या घोंगडीखालून यावे तसे गाणे दबून आले. जोनीला हे आयुष्यभर खटकत राहिले.

इथे दोन शब्दांतला फरक सांगायला हवा. ध्वनिमुद्रण करताना आवाज, गिटार, पियानो वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतात. त्या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून एक गाणे बनवणे म्हणजे मिक्सिंग. त्या तयार गाण्यावर तबकडी कापण्यापूर्वी शेवटचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. शिजलेल्या भाजीत वरून मीठ घालता येते, पण पडलेले काढता येत नाही. रीमास्टरिंग म्हणजे शिजलेल्या भाजीवरचा संस्कार. रीमिक्स म्हणजे चिरलेल्या भाजीपर्यंत मागे जाऊन ती पुन्हा फोडणीला टाकणे. या संचात पहिल्या तबकडीचे रीमिक्स झाले. जोनीने ते मॅट ली या तंत्रज्ञाबरोबर केले. चोविसाव्या वर्षीचे आपले गाणे ती सत्त्याहत्तराव्या वर्षी दुरुस्त करत होती.

मी आधी नाराज होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी दुरुस्ती रुचत नाही. १९६८ च्या श्रोत्याने जे ऐकले तेच १९६८ चे साधन, मग ते दबलेले का असेना. उद्या एखाद्या बखरकाराचा वंशज म्हणाला, हे वाक्य पणजोबांना आवडत नव्हते, बदला, तर आपण बदलू का? पण दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या तेव्हा माझा विरोध थोडा मावळला. मूळ पट्ट्यांवर जे होते तेच आता ऐकू येत होते. नवा सूर कुठे घातलेला नव्हता, जुना झाकलेला सूर उघडा केला होता. शिवाय जुनी तबकडी कुणी नष्ट केलेली नाही. दोन्ही प्रती राहाव्यात आणि कुठली कधीची ते स्पष्ट लिहावे, एवढीच माझी अट. हस्तलिखितांच्या पाठभेदांनाही आपण तीच लावतो.

चौथ्या 'ब्लू'ची गोष्ट वेगळी. आवाज, पियानो, गिटार आणि डल्सिमर हे मांडीवर घेऊन वाजवायचे तंतुवाद्य, यांवरच तिचा मुख्य भार. इथे साफ करण्याजोगे फारसे नव्हतेच. पण त्यातले 'लिटल ग्रीन' हे गाणे पाहा. १९७१ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी नियतकालिकाच्या परीक्षकाने ते अनाकलनीय ठरवले होते. त्याची चूक नव्हती. १९६५ मध्ये जोनीला लग्नाआधी मुलगी झाली होती. हातात पैसा नाही, समाजात तोंड दाखवायची सोय नाही. गर्भनिरोधक साधने विकणे कॅनडात १९६९ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. त्या मुलीला तिने दत्तक दिले आणि गोष्ट पोटात ठेवली. गाणे त्या बाळाला उद्देशून होते. १९९० च्या दशकात हे जगाला कळले आणि १९९७ मध्ये मायलेकींची भेट झाली.

म्हणजे पहा, पहिल्या तबकडीवरची धूळ यंत्राने निघाली. 'लिटल ग्रीन' मात्र कित्येक वर्षे स्वच्छ ऐकू येत होते आणि तरी कळत नव्हते. त्यावरचा पडदा फितीवर नव्हता, तो काळाचा आणि लोकलज्जेचा होता. कोणत्याही स्टुडिओत तो निघाला नसता.

२०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजाराने जोनी कोसळली. बोलणे, चालणे, गिटार, सारे पुन्हा शिकावे लागले. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती अचानक मंचावर आली आणि गायली. आवाज आता खर्जात उतरलेला आहे. संचातल्या कोवळ्या, उंच आवाजानंतर हा ऐकावा. वयाने त्यावर आणलेली खरखर काढून टाकावी, असे मला तरी क्षणभर वाटले नाही.