हत्यारांनी घायाळ झालेला ख्रिस्त

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. कथलाच्या खाणींचा हा मुलूख. तेथील ब्रीग गावच्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीवर पंधराव्या शतकातील एक चित्र आहे. ख्रिस्त उभा आहे, अंगावर जखमा आहेत आणि भोवती निरनिराळ्या धंद्यांची हत्यारे आहेत. शेजारी बाल ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी उतरणारा संत ख्रिस्तोफर आहे. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यांची पोथी ती ही भिंतच.

१५४७ साली सहाव्या एडवर्डच्या राजवटीत चर्चमधील मूर्ती व चित्रे नाहीशी करण्याचे फर्मान निघाले. ठिकठिकाणी भिंतींवर चुना फिरला. आणि गंमत अशी की, त्या चुन्यानेच पुष्कळ चित्रे राखली! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रीगची चित्रे पुन्हा उजेडात आली, तेव्हा प्रश्न पडला : ही हत्यारे येथे कशासाठी?

जुन्या अभ्यासकांनी अर्थ लावला, की ख्रिस्त श्रमाला आशीर्वाद देत आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा अर्थ गोड वाटणारच. पण गोड तेवढे खरे नसते. सफोक परगण्यातील हेसेट येथे असेच चित्र आहे, आणि त्यात हत्यारांबरोबर पत्त्यांतले एक पानही आहे. श्रमाचाच गौरव करायचा, तर जुगाराचे पान कशाला? स्लोव्हेनियातील त्सर्नग्रोब येथील चित्रात तर रविवारी निषिद्ध मानलेल्या कामांचे प्रसंगच ख्रिस्ताभोवती रंगविले आहेत. तेव्हा अर्थ उलट आहे. क्रुसावर चढविताना वापरलेले खिळे, हातोडा, भाला ही ख्रिस्ती कलेतील जुनी प्रतीके; त्यांची जागा येथे रोजच्या हत्यारांनी घेतली आहे. रविवारी काम करणारा ख्रिस्ताला पुन्हा जखमी करतो, अशी ही ताकीद आहे.

परंतु आमचा प्रश्न पुढचाच आहे. चित्रकाराने हत्यार दाखविले. ते चालवावयास लावणारा कोठे दाखविला? पोटासाठी राबणाऱ्याला पापी ठरविणे सोपे असते. १५३६ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात सुगीच्या दिवसांतील बहुतेक सणांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. म्हणजे विश्रांतीचा दिवस देणे आणि काढून घेणे, दोन्ही वरच्यांच्या हाती!

आमच्या मुंबईत हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेमका उलटा मांडला. १८८४ साली ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. रविवार म्हणजे आमच्या खंडोबाचाही वार. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला आधार दिला. ब्रीगच्या भिंतीवर सुट्टी हे कामगाराचे कर्तव्य होते. लोखंड्यांनी तिला हक्क केले. कर्तव्य मोडल्याचा दोष राबणाऱ्यावर येतो. हक्क मोडल्याचा दोष राबवून घेणाऱ्यावर. श्रोतेहो, जेथे आजही मजुराला आठवड्याचा दिवस मिळत नाही, तेथे जखम कोणाला होते आणि हत्यार कोणाच्या हुकमाने चालते, एवढे आपण विचारले पाहिजे.