नाग खरंच डूख धरतो का?

मौद्याच्या धानपट्ट्यात मी लहानपणापासून ऐकतोय: नाग मारला की जोडीदार डूख धरून येतो. १९७६ च्या 'नागिन' सिनेमानं ते आणखी पक्कं केलं. पण दुसरा साप दिसला, म्हणून तो सुडासाठीच आला का? उंदीर तेच, बिळं तीच, म्हणून तोही तिथंच येतो. आणि जिथं दुसरा आलाच नाही, त्या घराची गोष्ट कुणी सांगत नाही.

मंत्राचंही तसंच. बहुतेक साप बिनविषारी. माणूस तसाही वाचतो, श्रेय मात्र मांत्रिकाला. नाग चावला तर हाच हिशोब जीव घेतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. साप का चावला, ते नंतर बघू. आधी दवाखाना गाठा.