टाळू

माझी नात मुलाच्या लग्नानंतर नवव्या वर्षी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर सून तिला घेऊन माहेराहून आमच्याकडे आली. जानेवारीचा महिना, 2023 साल. पहिल्याच सकाळी मी न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले आणि पोरीला नडग्यांवर घेतलं. डाळीचं पीठ, साय, आंबेहळद वाटीत तयार होती. अंगाला तेल चोळून झालं आणि हात सवयीनं टाळूकडे गेला. सून दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "आई, टाळूवर तेल थापू नका म्हणालेत डॉक्टर. ते आत जिरत नाही म्हणे."

"बरं बाई," म्हणाले. सुनेशी न्हाणीत वाद घालू नये, तेवढ्यात पोर गारठतं. पण बोटं तिथंच राहिली. टाळू बोटाखाली टुकटुक उडत होती. भरलेली होती, सपाट. मला तेवढंच बघायचं होतं.

ज्यांनी तान्हं पोर हाताळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाच्या डोक्याची हाडं जन्मतः जुळलेली नसतात. मध्ये मऊ जागा असते, ती टाळू. दीडेक वर्षात ती मिटते. तोवर आमच्या आज्ज्या रोज तिथं तेल घालून हलक्या हातानं थोपटायच्या. त्याला टाळू भरणं म्हणायचं. आणि टाळूवरून पोराची तब्येत वाचायची. टाळू आत गेली की म्हणायच्या, "पोराची टाळू पडली." मग एरंडेलाचा बोळा ठेव, उडदाच्या पिठाची चकती लाव, दृष्ट काढ. बघण्यात त्यांची चूक नव्हती. खड्डा खराच पडायचा. तो कशानं पडतो ते मात्र ठाऊक नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या बाजूला. इथलं पोर वाढायचं ते सहाणेवर आणि झोळीत. सहाणेवर गुटी उगाळायची. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, खारीक, आईच्या दुधात एकेकाचे मोजून वेढे. जायफळाचा वेढा जास्त झाला की पोर जास्त झोपतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक, आणि खुरपणीच्या दिवसांत कुणाचा वेढा चुकायचा तेही ठाऊक. आज्जीची बहीण मुंबईला लालबागेत, गिरणीत कामाला होती. तिकडं तर बाळागोळी द्यायच्या, तिच्यात अफू. दिवसभर पोर चाळीत निपचित पडून आणि आई साच्यावर. इंग्रज सरकारच्या चौकश्यांतसुद्धा हे लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांनी आयांना नावं ठेवली असतील, पण पोराला कुठं ठेवून कामावर जायचं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

झोळी म्हणजे जुन्या लुगड्याची. शेतात बाभळीला, नाहीतर कामावर तीन काठ्यांच्या घोडीला बांधायची. बहात्तरच्या दुष्काळात सगळा माणदेश कामावर होता. खडी फोडायची, पाझर तलावाची माती टाकायची, रस्ते करायचे. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यात बायका किती आणि बायकांच्या काखेतली पोरं किती, हे कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. वि. स. पागे यांच्या विचारातनं आलेली रोजगार हमी तेव्हा नुकती रांगत होती. तिचा कायदा 1977 चा. पुढं 2005 मध्ये दिल्लीनं देशाचा कायदा केला. त्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. 1973 साली ते काम आम्ही पोरी करायचो. मी अकरा वर्षांची होते. माझ्याकडं तीन झोळ्या होत्या. दोन शेजारणींच्या, एक आमच्या बारकीची.

बारकी अकरा महिन्यांची. खालचे दोन दात आलेले. सुकडीचं गोड पीठ बोटानं चाटवलं की हात झटकून आणखी मागायची. लाल मिलोची भाकरी तिला चावायची नाही, मी चावून द्यायचे.

वैशाखात तिला जुलाब लागले, वांतीही. आम्ही पाणी प्यायचो ते बॅरलमधलं, वर कचरा तरंगणारं. जुलाब कशानं लागले हे आता कळतं. तेव्हा सगळे म्हणाले, दात येत्यात, म्हणून लागलं. घरी राहणं आईला शक्य नव्हतं. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली, सुकडी गेली. आईनं बारकीला झोळीत घातलं आणि मला बजावलं, "पानी अजिबात दिऊ नगंस. पान्यानं जुलाब वाढतोय." आज्जीनंही तेच सांगितलं होतं. आणि हे काही अडाण्यांचंच मत नव्हतं बरं का. त्या काळी शिकलेले डॉक्टरसुद्धा जुलाबात आतड्याला विश्रांती द्या, पोटात काही घालू नका, असं सांगायचे.

दुपारी बारकी रडायला लागली. रडत होती, पण डोळ्याला पाणी नव्हतं. ते बघून मी घाबरले. ओठाला पापुद्रे आलेले. जीभ बाहेर काढून झोळीचा काठ चाटत होती. टाळूवर बोट ठेवलं तर बोट आत गेलं, वाटीत गेल्यासारखं. मी पदराएवढं फडकं तांब्यात बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. तिनं ते असं ओढलं की मला सोडवेना. दुसऱ्यांदा बुडवलं. तिसऱ्यांदा बुडवताना आई पाटी टाकून आली.

आईनं मला मारलं. मुस्काटात, सगळ्या बायकांसमोर. म्हणाली, "मारतीस का तिला?" फडकं तिनं पिळून टाकलं. मी मग पाणी दिलं नाही.

बारकी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. रात्रभर आज्जीनं टाळूवर एरंडेलाचा बोळा धरला होता. ओढ्याच्या काठाला आण्णांनी खड्डा घेतला. ओढा कोरडाच होता.

मला कुणी काही बोललं नाही. एकदाच आज्जी आल्यागेल्याला सांगताना म्हणाली, "कुनीतरी पानी दिलं, आन् मग जुलाब आवरला न्हाय." नाव नाही घेतलं. पण ते मी ऐकलं होतं. पुढं शाळेत गेले, दहावीपर्यंत शिकले, लग्न झालं, पहिली मुलगी झाली. बारकी माझ्या हातनं गेली, हे मी तेरा वर्षं धरून होते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा त्या पद्मच्या यादीकडं येते. नात घरी आली त्याच महिन्यात पेपरात पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यात दिलीप महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण. मी पेपर वाचते, पण हे नाव ठाऊक नव्हतं. खाली दोन ओळी होत्या, मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल. मी मुलाला म्हटलं, ह्या माणसाचं सगळं शोधून मला वाचून दाखव. त्यानं मोबाईलवर शोधून वाचलं.

महालनबीस हे कलकत्त्याचे मुलांचे डॉक्टर. 1971 मध्ये बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून बंगालमध्ये आले. बनगाव इथं पटकीची साथ. माणसं जमिनीवर पडलेली, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. आतड्यात साखर असली की ती मिठाला ओढून आत नेते आणि मिठामागं पाणी जातं, हे शास्त्रज्ञांना साठच्या दशकात कळलं होतं. पण निर्वासितांच्या छावणीत, आईबापांच्या हातनं, इतक्या मोठ्या प्रमाणावर ते करून बघायला कुणी धजत नव्हतं. शंभरातली तीसेक माणसं मरायची तिथं मरणाचं प्रमाण चाराच्या खाली आलं. 1978 मध्ये लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकानं लिहिलं की ह्या शतकातला वैद्यकातला हा कदाचित सगळ्यात महत्त्वाचा शोध.

1971. मुलगा वाचत होता आणि मी मनात बेरीज करत होते. आमच्या बारकीच्या दोन वर्षं आधी.

त्या वर्षी देशात जन्मणाऱ्या हजार पोरांतली 129 वर्षाच्या आत जायची. 2020 मध्ये 28. आकडा खाली आला तो काही एका पाण्यानं नाही. लशी आल्या, नर्सबाई आल्या, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, पोटाला मिळायला लागलं. पण बनगावचं पाणी आमच्या गावात पोचायला पंधरा वर्षं लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

1986 चा उन्हाळा. सासरच्या गावात मारुतीच्या देवळासमोर नर्सबाईंनी बायका गोळा केल्या. हातात ॲल्युमिनियमचा जग. "एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव बघा, आसवांपेक्षा खारट नको." आसवं म्हटल्यावर मला झोळी दिसली. सगळ्या गेल्यावर मी नर्सबाईंच्या मागनं फाट्यापर्यंत चालत गेले आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. फडकं, तांब्या, तीन वेळा. त्यांनी विचारलं, "पाणी कसलं होतं?" बॅरलमधलं म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी घाण होतं, आजार त्यातनंच आला असंल. पण त्या टायमाला तेही पाजायलाच पायजे होतं. फडक्यानं न्हाई, वाटीनं. सारखं. मीठ घालून." एस.टी. आली आणि त्या गेल्या. वाचली असती का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

महिना गेला नाही तोच माझ्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब लागले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या आडव्या आल्या, पाणी नको म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले आणि चूल पेटवून पाणी उकळायला ठेवलं. निरोप गेला तशी आई तिन्हीसांजेला चालत आली. पायाला धूळ तशीच. मी चमच्यानं पाजत होते. पोर ओकायचं, मी दहा मिनिटं थांबायचे, पुन्हा पाजायचे. आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता बोलणार.

आई खाली बसली. माझ्या हातनं चमचा घेतला. म्हणाली, "तू पड जरा." मी पडले नाही. भिंतीला टेकून बघत राहिले. चिमणीच्या उजेडात आई चमचा भरायची, थेंब सांडू नये म्हणून खाली तळहात धरायची, पोराच्या ओठाला लावायची. मध्येच टाळूवर बोट ठेवून बघायची. अशी रात्र गेली. बारकीचं नाव तिनं काढलं नाही, त्या रात्री नाही आणि पुढं मरेपर्यंत नाही.

कोंबडं आरवल्यावर पोर मुतलं. आईच्या मांडीवर, भरपूर. आईनं बाळोतं काढलं, चाचपून बघितलं, नाकाशी नेलं. मी धुवायला मागितलं तर दिलं नाही. ओलं बाळोतं तसंच मांडीवर घेऊन ती ऊन पडेपर्यंत बसली होती.