अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स : जागा आणि नेटच्या अडचणी कशा सोडवाल?

विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, त्यामुळे विहारांच्या अभ्यासिकांना दान मिळालेले बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. म्हणून ते भंगारात देण्याची घाई करू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, स्पर्धा परीक्षेची तयारी, बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड पीडीएफमध्ये वाचणे, एवढ्यासाठी लिनक्स मिंट पुरेसे आहे. त्याला किमान २ जीबी रॅम (४ असल्यास उत्तम) आणि २० जीबी जागा लागते. प्रत्यक्षात ४०-५० जीबी तरी ठेवा, अपडेट साठत जातात.

सर्वात मोठे नुकसान होते ते डिस्कची निवड करताना. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय फक्त सी ड्राइव्ह नव्हे, डी आणि ई सुद्धा पुसतो. मंडळाची सभासद यादी, मुलांचे स्कॅन केलेले जातीचे दाखले आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून उघडतात का तेही पाहा.

विंडोज ठेवायचे असेल तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा कमी करा. सी ड्राइव्हमध्ये ८० जीबी मोकळे दिसूनही १०-१५ जीबीच सुटतात, कारण काही सिस्टिम फायली जागेवरून हलत नाहीत. अशा वेळी डी ड्राइव्ह लहान करणे सोपे. सुटलेल्या जागेत नवा ड्राइव्ह बनवू नका, ती मोकळीच सोडा. ‘विंडोजच्या सोबत’ हा पर्याय दिसत नसेल तर विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. शिफ्ट दाबून शटडाऊन करा. तरीही नाही दिसला तर जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन आधीच भरलेले आहेत का ते तपासा. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’वर आहे का ते पाहा. तो बदलल्यावर जुने विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते, म्हणून जाणकाराला सोबत घ्या.

नेटचे काम त्यामानाने सोपे. वाय-फाय यादीतच नसेल तर बहुधा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या कार्डात हे हमखास होते. लॅन केबल लावा किंवा अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर घ्या. लॅपटॉपचे वाय-फायचे बटण बंद तर नाही ना, हेही बघाच.

आणि एक गोष्ट, जिच्यात तास जातात: नेट जोडलेले दिसते, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणते. तारीख पाहा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि प्रमाणपत्रे जुळत नाहीत. सीआर २०३२ हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.